लिनक्स संगणक : आज्ञावलीचा पत्ता आणि परवानगी

शाळेतील वा ग्रामपंचायतीतील संगणकावर एखादी आज्ञावली सुरू होत नाही, तेव्हा यंत्रच बिघडले असा समज होतो. लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर मात्र अशा अडचणीचे मूळ पुष्कळदा दोन गोष्टींत सापडते : आज्ञावलीचा पत्ता चुकलेला असतो, किंवा ती चालविण्याची परवानगी नसते. झरी-जामणी वा उमरखेड यांसारख्या, यवतमाळपासून दूर असलेल्या तालुक्यांत तंत्रज्ञाची वाट पाहण्यात कामाचे दिवस वाया जाऊ नयेत, यासाठी हा भेद कर्मचाऱ्यांना व शिक्षकांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

लिनक्सचा गाभा लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. याच पायावर प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली २००७ साली उपलब्ध करून दिली. तिच्यात मराठीचीही सोय आहे.

पत्त्याची चूक

‘कमांड नॉट फाउंड’ किंवा ‘नो सच फाईल’ असा संदेश आल्यास प्रथम पत्ता तपासावा. टपालाचा पत्ता गाव, तालुका, जिल्हा या क्रमाने लिहितात; फाईलचा पूर्ण मार्ग मात्र उलट क्रमाने, मुळापासून तिरप्या रेघांनी लिहिला जातो. नुसते नाव दिल्यास लिनक्स ते ठरावीक फोल्डरांतच शोधते; आपण ज्या फोल्डरात आहोत तेथे पाहत नाही. म्हणून तेथील आज्ञावलीच्या नावापूर्वी टिंब व तिरपी रेघ द्यावी लागते. रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे येथे भिन्न मानली जातात. नावात मोकळी जागा असल्यास संपूर्ण मार्ग अवतरणचिन्हांत ठेवावा.

परवानगीचा अभाव

‘परमिशन डिनाइड’ हा संदेश आल्यास पत्ता बहुधा बरोबर असतो, पण अधिकार नसतो. प्रत्येक फाईलसाठी मालक, गट व इतर अशा तिघांचे अधिकार वेगळे असतात. वाचण्यास ४, लिहिण्यास २ व चालविण्यास १ असे अंक धरून त्यांची बेरीज करतात. ७५० याचा अर्थ मालकाला सर्व अधिकार, गटाला वाचण्याचा व चालविण्याचा, इतरांना काहीच नाही. हे अधिकार ‘एलएस उणे एल’ या आज्ञेने दिसतात व ‘सीएच-मॉड’ने बदलतात. वाटेतील प्रत्येक फोल्डरातही प्रवेशाचा अधिकार हवा. फाटकच बंद असेल तर कपाटाची किल्ली निरुपयोगी ठरते.

पेन ड्राइव्हवरील आज्ञावली अधिकार देऊनही चालत नसेल, तर त्या साधनावरून काही चालविण्यास प्रणालीनेच मनाई केलेली असू शकते. आज्ञावली विश्वासार्ह ठिकाणाहून आल्याची खात्री करून ती आपल्या फोल्डरात उतरवावी आणि मग तिला चालविण्याचा अधिकार द्यावा.

सोपा पण घातक उपाय

अडचण टळावी म्हणून ७७७ हा अंक देऊन सर्वांना सर्व अधिकार बहाल करण्याची प्रवृत्ती आढळते. त्यामुळे त्या संगणकावर खाते असलेली कोणतीही व्यक्ती आज्ञावली बदलू शकते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील कर आकारणीची फाईल अशी खुली राहिली, तर एखाद्या घराची आकारणी कोणीही बदलू शकेल आणि त्याचा भुर्दंड खातेदाराला पडेल. ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्यातून रोजचे काम करणेही तितकेच अनिष्ट. त्या खात्यातून तयार झालेल्या फाईलींची मालकी ‘रूट’कडे जाते, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या कर्मचाऱ्याला त्यांत नोंद करता येत नाही.

सारांश, आधी संदेश वाचावा, मग पत्ता पाहावा, नंतर अधिकार तपासावा आणि गरजेपुरतीच परवानगी द्यावी. दप्तराची किल्ली कोणाकडे असावी याविषयी कार्यालये जी दक्षता घेतात, तीच संगणकावरील दप्तराविषयी घेतली, तर काम खोळंबणार नाही आणि नागरिकांच्या नोंदीही सुरक्षित राहतील.