कळते, पण वळत नाही

चूक काय आणि बरोबर काय, हे माणसाला बहुधा माहीत असते. तरीही तो चुकतो. माणसे अशी का वागतात, याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला वर्तनशास्त्र म्हणतात. या शास्त्राच्या मदतीने योग्य निर्णय घेणे कसे सोपे होते, हे या पाठात दोन खऱ्या उदाहरणांनी सांगितले आहे.

मित्रांनो, मुंबईच्या लोकलगाडीने तुम्ही कधी प्रवास केला आहे का? संध्याकाळची वेळ डोळ्यांपुढे आणा. फलाटावर गर्दी आहे. सर्वांना घरी जाण्याची घाई आहे. पलीकडच्या फलाटावर जाण्यासाठी पूल आहे. पण पूल दूर आहे आणि पायऱ्या पुष्कळ आहेत. एक माणूस फलाटाच्या टोकाशी येतो. डावीकडे पाहतो, उजवीकडे पाहतो. दूरवर गाडी दिसते. "अजून लांब आहे," असे मनाशी म्हणतो आणि रुळांत उतरतो.

रूळ ओलांडणे हा गुन्हा आहे, हे त्याला माहीत नाही का? माहीत आहे. समोरच तशी पाटी आहे. ध्वनिक्षेपकावरून तीच सूचना पुन्हा पुन्हा दिली जाते. त्याच्या घरी कोणीतरी त्याची वाट पाहत आहे, हेही त्याला ठाऊक आहे. तरी तो उतरतो. अशा वागण्यालाच मराठीत म्हणतात, 'कळते, पण वळत नाही.'

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २००९ च्या सुमारास दरवर्षी तीन हजारांहून अधिक माणसे प्राण गमावत होती. त्यांपैकी पुष्कळजण रूळ ओलांडताना मरत. पाट्या होत्या, दंड होता, तरी मृत्यू थांबत नव्हते. तेव्हा 'फायनल माईल' या मुंबईतील संस्थेच्या अभ्यासकांनी मध्य रेल्वेबरोबर एक प्रयोग केला. त्यासाठी हार्बर मार्गावरचे वडाळा स्थानक निवडले. "लोक ऐकत नाहीत," असे म्हणून त्यांनी लोकांना दोष दिला नाही. त्यांनी वेगळा प्रश्न विचारला : रुळांत पाऊल टाकताना माणसाचे डोळे, कान आणि मन त्याला काय सांगतात?

पहिले उत्तर डोळ्यांबद्दल होते. आकाशातून जाणारे मोठे विमान आपल्याला संथ वाटते. प्रत्यक्षात त्याचा वेग फार असतो. वस्तू जितकी मोठी, तितकी ती हळू येते आहे असा भास होतो. आगगाडीबाबतही असेच घडते, असे हर्शेल लीबोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये मांडले होते. म्हणजे "गाडी अजून लांब आहे," असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याचे डोळेच त्याला फसवत असतात. यावर उपाय काय? वडाळ्याला रुळांखालचे काही स्लीपर पिवळ्या रंगाने रंगवले. मध्ये काही तसेच ठेवले, पुन्हा काही रंगवले. गाडी येऊ लागली, की हे पिवळे पट्टे एकामागून एक भराभर तिच्याखाली नाहीसे होतात. त्यामुळे गाडीचा खरा वेग डोळ्यांना कळतो.

दुसरे उत्तर कानांबद्दल होते. गाडीची एकच लांब शिट्टी स्थानकाच्या गोंगाटात मिसळून जाते. रोज ऐकून तिची सवयही होते. म्हणून मोटरमनने लांब शिट्टीऐवजी दोन छोट्या शिट्ट्या वाजवाव्यात, असे ठरले. दोन शिट्ट्यांच्या मध्ये क्षणभर शांतता असे. त्या शांततेमुळेच दुसरी शिट्टी मनाला जागे करते. शिट्टी कोठे वाजवायची हे मोटरमनला समजावे, म्हणून रुळांच्या कडेला खुणेच्या पाट्या लावल्या.

तिसरे उत्तर पाटीबद्दल होते. कवटीचे चित्र पाहून कोणाला भीती वाटत नाही. 'धोका' हा शब्द आपण वाचतो आणि पुढे जातो. म्हणून लोक जेथून रुळांत उतरत, तेथेच एक मोठे छायाचित्र लावले. त्यात तीन भाग होते. तिन्ही भागांत गाडीखाली सापडणाऱ्या माणसाचा भेदरलेला चेहरा दिसत होता. त्याचे डोळे विस्फारलेले, तोंड उघडे. वर काही लिहिण्याची गरजच नव्हती. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही ते छायाचित्र कळत होते.

पुढील महिन्यांत वडाळ्याला रुळांवरचे मृत्यू बरेच कमी झाले. नंतर हे उपाय मध्य रेल्वेवर आणखी काही ठिकाणीही वापरण्यात आले. खर्च फार नव्हता. थोडा रंग, काही पाट्या आणि शिट्टी वाजवण्याची नवी पद्धत, एवढेच. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. पिवळा रंग पुलाची जागा घेऊ शकत नाही. पूल, कुंपण आणि सरकते जिने हवेतच. पण पूल असूनही माणूस पुलावर का चढत नाही, हे समजले तरच त्याचा जीव वाचतो.

असे का होते? मनाचा अभ्यास करणारे डॅनिअल कानमन यांनी याचे उत्तर सोप्या रीतीने सांगितले आहे. त्यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते म्हणत, आपले मन दोन प्रकारे विचार करते. एक विचार झटपट असतो. तो सवयीने चालतो आणि समोर दिसेल त्यावर विश्वास ठेवतो. दुसरा विचार सावकाश असतो. तो मोजतो, तपासतो. पण त्याला कष्ट पडतात, म्हणून तो लवकर पुढे येत नाही. घाईत असलेला माणूस झटपट विचारानेच वागतो. त्याला योग्य वेळी थांबवणे, हेच वर्तनशास्त्राचे काम आहे.

आता दुसरे उदाहरण पाहा. राजस्थानात उदयपूर जिल्हा आहे. तेथे सरकारी केंद्रांत बाळांना लस फुकट मिळत असे. तरीही सर्व लसी पूर्ण झालेली मुले फारच थोडी होती. आईबापांचे आपल्या मुलांवर प्रेम नव्हते का? होते. पण केंद्र दूर होते आणि तेथील परिचारिका पुष्कळदा जागेवर नसे. लसीसाठी दिवसभराची मजुरी बुडे. हे नुकसान आजच दिसे. लसीचा फायदा मात्र दिसत नसे, कारण जो आजार होतच नाही, तो दिसणार कसा? म्हणून आईबाप म्हणत, "उद्या नेऊ." आणि तो उद्या कधी उजाडत नसे.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सेवा मंदिर' या संस्थेच्या मदतीने तेथे एक प्रयोग केला. अभिजित बॅनर्जी यांचा जन्म १९६१ मध्ये मुंबईत झाला. त्यांच्या आई निर्मलाताई मूळच्या मराठी, माहेरच्या पाटणकर. या प्रयोगासाठी १३४ गावे निवडली. चिठ्ठ्या टाकून निवड करावी, तसे त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या गटातील गावांत नवे काहीच केले नाही. दुसऱ्या गटात दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, न चुकता लसीकरणाचे शिबिर भरवले. तिसऱ्या गटात असेच शिबिर भरवले. शिवाय प्रत्येक लशीच्या वेळी आईला एक किलो डाळ दिली. सर्व लसी पूर्ण झाल्यावर स्टीलच्या थाळ्या भेट दिल्या.

याचे निकाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या गटात १०० पैकी सुमारे ६ मुलांच्या लसी पूर्ण झाल्या होत्या. दुसऱ्या गटात १८ मुलांच्या आणि डाळ मिळालेल्या गटात ३९ मुलांच्या. तुम्ही म्हणाल, "डाळ वाटल्याने खर्च वाढला असेल!" पण झाले उलटेच. परिचारिकेचा दिवसाचा पगार तेवढाच होता आणि मुले अधिक आली. त्यामुळे लसी पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलामागे खर्च कमी झाला. बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मुलांनो, एक किलो डाळ म्हणजे बाळाच्या जिवाची किंमत नव्हे. कोणतीही आई तसा हिशेब करत नाही. त्या डाळीने एवढेच केले, की 'उद्या'चे काम 'आज' झाले. तरीही १०० पैकी ६१ मुले मागे राहिलीच. म्हणजे हे शास्त्र जादू नव्हे. ते एक पाऊल पुढे नेते. उरलेली वाट आपल्याला चालावी लागते.

हे शास्त्र तुमच्याही कामाचे आहे. "मी खूप अभ्यास करीन," असे नुसते म्हणू नका. "रोज संध्याकाळच्या चहानंतर खिडकीजवळ बसून गणिताची पाच उदाहरणे सोडवीन," असे ठरवा. वेळ आणि जागा ठरली, की काम सुरू होते. सकाळी घाई होते ना? मग दप्तर रात्रीच भरून ठेवा. मन पळते तेथे नुसती शिस्त पुरत नाही. वाट सोपी करावी लागते.

पण सावधही राहा. हीच युक्ती दुकानदारालाही ठाऊक असते. वस्तूची किंमत १०० रुपये न लिहिता तो ९९ रुपये लिहितो. "आजच घ्या, उद्या मिळणार नाही," असे सांगून तो तुम्हांला घाई करतो. कोणी घाई करू लागले, की क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा : यात माझा फायदा आहे, की त्याचा?

पुढच्या वेळी तुम्ही फलाटाच्या टोकाशी उभे असाल. पूल दूर असेल आणि गाडी लांब वाटेल. तेव्हा हा पाठ आठवा. तुमचे डोळे तुम्हांला फसवत आहेत. पायऱ्या चढा. दोन मिनिटे उशीर होईल, पण तुम्ही घरी पोहोचाल.

शब्दार्थ

वर्तन – वागणूक. निर्णय – फैसला. ध्वनिक्षेपक – लाउडस्पीकर. फलाट – प्लॅटफॉर्म. भास होणे – खरे नसलेले खरे वाटणे. भेदरलेला – फार घाबरलेला. परिचारिका – नर्स. लस – रोग होऊ नये म्हणून दिले जाणारे औषध. सावध – होशियार

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वर्तनशास्त्र कशाला म्हणतात?
(आ) वडाळा स्थानक कोणत्या मार्गावर आहे?
(इ) लसीकरणाचा प्रयोग कोणत्या जिल्ह्यात झाला?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) स्लीपरना पिवळा रंग का दिला?
(आ) आईबाप "उद्या नेऊ," असे का म्हणत?
(इ) डाळ देऊनही प्रत्येक मुलामागचा खर्च कमी कसा झाला?

३. गाळलेल्या जागा भरा.
(अ) कळते, पण ........ नाही.
(आ) लांब शिट्टीऐवजी दोन ........ शिट्ट्या वाजवाव्यात, असे ठरले.
(इ) पिवळा रंग ........ जागा घेऊ शकत नाही.

४. वाक्यात उपयोग करा : वाट पाहणे, प्राण गमावणे, सवय होणे.

५. भाषाभ्यास : गुन्हा, फायदा, नुकसान, खर्च हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. असे आणखी तीन शब्द पाठातून शोधा. मराठीत 'धोका' म्हणजे खतरा. उर्दूत या शब्दाचा अर्थ कोणता, ते सांगा.

६. उपक्रम : तुमच्या शाळेत नळ उघडा राहतो का? कचरा इकडेतिकडे पडतो का? कोणालाही न रागावता ही सवय कशी बदलता येईल, ते मित्रांशी बोलून ठरवा व पाच-सहा ओळींत लिहा.