मुलाला सांभाळायला परदेशातून आत्या येणार, खर्च किती?

सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल दहा-बारा वर्षांचं झालं की एकट्या आईला ते झेपत नाही. खाटेवरून न्हाणीत न्यायचं तर एकाने बगलेत हात घालायचे, दुसऱ्याने गुडघ्यांखाली. वडील दिवसभर शेतात किंवा खामगावला दुकानात, आजी थकलेली. अशा वेळी परदेशातली आत्या किंवा मावशी म्हणते, मी सहा महिने येऊन राहते. हा आधार मोठा आहे, तो जरूर घ्या. पण होकार देण्याआधी तिचा पासपोर्ट कोणता ते विचारा. बाकीचा हिशेब त्यावरच ठरतो.

पासपोर्ट भारतीय असेल तर इथे यायला व्हिसा लागत नाही. खर्च असतो तो तिकडचा रहिवासी परवाना टिकवण्याचा. सौदीतून निघताना एक्झिट-रीएन्ट्री व्हिसा लागतो. एका फेरीचे दोन महिन्यांचे २०० रियाल, पुढच्या प्रत्येक महिन्याला १०० रियाल. दुबईचा साधा रहिवासी व्हिसा असेल तर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यास तो सहसा रद्द होतो. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असेल आणि मुक्काम वर्षापुढे जाणार असेल तर री-एन्ट्री परमिटचा अर्ज तिथून निघण्याआधीच करावा लागतो.

पासपोर्ट परदेशी असेल तर ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीचं कार्डच काढावं, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतून अर्ज केला तर शुल्क २७५ डॉलर, शिवाय केंद्राचा सेवाआकार. कार्ड आयुष्यभर चालतं, दर वेळी व्हिसा काढावा लागत नाही. मात्र भारतीय नागरिकत्व सोडल्याचा दाखला लागतो. तो काढलेला नसेल तर आधी तेच काम हाती घ्या. अमेरिकन नागरिकाला वर्षभराचा पर्यटक ई-व्हिसा ४० डॉलरला आणि पाच वर्षांचा ८० डॉलरला मिळतो. पण दिवसांची मर्यादा असते आणि या व्हिसावर पगार घेऊन काम करता येत नाही. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंद पोलीस अधीक्षक कार्यालयात होते. पाहुणी पोहोचली की तिथे लगेच विचारून घ्या.

सगळ्यात मोठा खर्च कुणी वहीत लिहीत नाही. आत्याचा पगार बुडतो आणि तिकडचं घरभाडं, हप्ते चालूच राहतात. नात्यात पैशाचं बोलणं जड जातं, तरी ती निघण्यापूर्वी बोलाच. तिचं वय झालेलं असेल तर प्रवास विमाही तिकडूनच काढायला सांगा.

मुलाची कागदपत्रं ती येण्याआधी पूर्ण करा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना घ्या. एक लाखाचं संरक्षण मिळतं आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो. पहिल्या नोंदणीला दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला २५० रुपये, इतरांना ५०० रुपये. रेल्वेची सवलत लागू असेल तर स्लीपर आणि थ्री-एसीत मुलाला ७५ टक्के सूट मिळते आणि सोबत्यालाही तेवढीच. म्हणजे शेगाव किंवा मलकापूरहून थेरपीसाठी मुंबई-नागपूरला जाताना आत्याचंही भाडं वाचतं. जुन्या करप्रणालीत असाल तर कलम ८०डीडीखाली ७५,००० रुपयांची वजावट आहे. अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची.

एक गोष्ट मात्र पैशाने सुटत नाही. मूल १८ वर्षांचं झालं की १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती पालक नेमते आणि तो पालक भारतीय नागरिकच असावा लागतो. ओसीआय असलेल्या आत्याला ते पद मिळत नाही. आपल्यामागे पालक कोण, हे ठरवताना इथला सख्खा-चुलत माणूस नजरेसमोर ठेवा.

विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी काढा. आणि मुलाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, विनाशुल्क मिळतं. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.