लास वेगासमध्ये एक दिवस लॅम्बोर्गिनी: खरा खर्च किती?

मुलांकडे अमेरिकेत गेलेली आपली मंडळी लास वेगासला हमखास जातात, आणि तिथे रस्त्यावर लॅम्बोर्गिनी दिसली की ‘एक दिवस आपणही चालवू’ असं मनात येतंच. ही हौस जरूर करावी. पण जाहिरातीतला आकडा हा खर्चाचा फक्त पहिला हप्ता असतो.

लॅम्बोर्गिनीच्या हुराकान मॉडेलचं दिवसाचं भाडं साधारण 1,000 ते 1,500 डॉलर, शेवरले कॉर्व्हेटचं 300 ते 500. कर वेगळा. शिवाय दोन-पाच हजार डॉलर अनामत म्हणून क्रेडिट कार्डावर अडकवतात आणि गाडी परत दिल्यावरही ही रक्कम सुटायला काही दिवस जातात. म्हणून हॉटेलचं बिल दुसऱ्या कार्डावर ठेवा. चालकाचं वय बऱ्याच ठिकाणी 25 पूर्ण लागतं.

मैलांचं गणित आधीच मांडा. भाड्यात दिवसाला 100 मैल मिळाले आणि तुम्ही 50 मैलांवरच्या व्हॅली ऑफ फायर या उद्यानाला निघालात, तर जाण्यायेण्यातच मर्यादा संपली. पुढच्या प्रत्येक मैलाला तीन-चार डॉलर मोजावे लागतात. त्यापेक्षा शहरालगतचं रेड रॉक कॅनियन बरं. तिथला 13 मैलांचा वळणावळणाचा रस्ता अशा गाडीसाठीच असावा, इतका देखणा आहे. ऑक्टोबर ते मे या काळात तिथे प्रवेशाची वेळ आगाऊ राखावी लागते.

आता विमा. लोक फसतात ते इथेच. ‘माझ्या क्रेडिट कार्डावर भाड्याच्या गाडीचा विमा आहे’ हे वाक्य मी कितीदा ऐकलं आहे! बहुतेक कार्डांच्या अटींत फेरारी-लॅम्बोर्गिनीसारख्या गाड्या वगळलेल्या असतात. मुलाच्या स्वतःच्या गाडीची पॉलिसीही इथे पुरेलच असं नाही. दोन्हीकडे विचारून उत्तर लेखी घ्या. करारात ‘लॉस ऑफ यूज’ (गाडी बंद असलेल्या दिवसांच्या भाड्याची भरपाई) हे शब्दही शोधा. गाडी दुरुस्तीला 20 दिवस पडून राहिली आणि भाडं 1,200 डॉलर असेल, तर दुरुस्तीव्यतिरिक्त 24,000 डॉलरची मागणी येऊ शकते.

चोरीचा धोका मात्र आपल्याला वाटतो तिथे नसतो. अमेरिकेत 2023 मध्ये सर्वाधिक चोरीला गेलेली गाडी होती साधी ह्युंदाई एलांट्रा. तिच्या अनेक जुन्या मॉडेलांत इमोबिलायझर, म्हणजे योग्य किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणाच नव्हती आणि ती पळवण्याची युक्ती समाजमाध्यमांवर पसरली होती. पण विमा उतरवलेल्या गाड्यांच्या प्रमाणात पाहिलं, तर यादीत वर येतात दणकट इंजिनाच्या अमेरिकी गाड्या. डॉज चार्जर हेलकॅटच्या 2020-22 मॉडेलांसाठी चोरीचे दावे सरासरीच्या साठपट निघाले, तर शेवरले कॅमारो झेडएल1च्या 2022-24 मॉडेलांसाठी 39 पट. म्हणजे लॅम्बोर्गिनी परवडत नाही म्हणून आपण जी ‘त्यातल्या त्यात स्वस्त’ गाडी घेतो, तिच्याच वर्गावर चोरांचा डोळा. कॅमारोच्या बाबतीत चोर गाडीच्या संगणकाला यंत्र जोडून कोरी किल्ली तयार करतात, असा संशय आहे. काच शाबूत दिसली तरी गाडी सुरक्षित आहे असं समजू नका.

अशी गाडी रात्री उघड्या पार्किंगमध्ये ठेवू नका, पहारा असलेल्या जागेसाठी जास्तीचे पैसे मोजा. किल्ली गाडीत विसरलात तर निष्काळजीपणाच्या नावाखाली विमा नाकारला जाऊ शकतो. चोरी झालीच तर पोलिसांना आणि भाडेकंपनीला ताबडतोब कळवा, कारण बऱ्याच गाड्यांत जीपीएस असतो आणि पहिला तास मोलाचा ठरतो.

भारतीय परवान्यावर चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच घेऊन जा. आरटीओत फॉर्म 4ए भरायचा, शुल्क 1,000 रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवानाही सोबत हवाच.

ताबा घेताना चारही चाकांच्या रिम आणि पुढच्या बंपरची खालची कड यांचा व्हिडिओ काढा. या गाड्या जमिनीलगत असतात, गतिरोधकावर घासतात, आणि आधीच्या माणसाचा ओरखडा तुमच्या बिलात यायला वेळ लागत नाही.