सति म्हणजे कोणती सती?



रविवारी वंदनेनंतर विहारात अष्टांगिक मार्गावर बोलणे चालले होते. ‘सम्मा सति’ हा शब्द आला तशी मागे बसलेल्या एका ताईंनी विचारले, “सती म्हणजे ती चितेवर बसवायचे तीच ना? ती आपल्यात कशी?” काहीजणी हसल्या. मला प्रश्न रास्त वाटला. मराठी कानाला तो शब्द तसाच ऐकू येणार. बरे, संस्कृत रूप सांगावे तर ते ‘स्मृती’! २५ डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी जिचे दहन केले तिच्या नावातला हा शब्द आपल्या माणसाला खटकणारच.

चितेवरची सती ‘सत्’ पासून आली, पतिव्रता या अर्थाने. पालीतली सति ‘स्मरणे’ या अर्थाच्या धातूपासून आली आहे. म्हणजे आठवण, पण जुन्या दिवसांची नव्हे. आत्ता मी काय करते आहे आणि कशासाठी, याची आठवण न सुटणे ही सति. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनीही ती मनाचा जागेपणा आणि पहारा अशाच अर्थाने समजावली आहे.

‘मिलिंदपञ्ह’मध्ये भन्ते नागसेन राजाला भांडाऱ्याचा दाखला देतात. भांडारी राजाला सकाळ-संध्याकाळ आठवण करून देतो, तुमचे इतके हत्ती, इतके घोडे, इतके सोने. हे वाचले आणि मला वॉर्ड आठवला. ड्यूटी बदलताना आम्ही चार्ज देतो, तेव्हा हेच करतो. कोणाला सलाईन चालू, कोणाला ताप, कोणाला कसली ॲलर्जी.

ती सुटली की काय होते ते मी स्वतः पाहिले आहे. नोकरीचे तिसरे वर्ष, रात्रपाळी, माझ्या एकटीवर चाळीसेक पेशंट, आणि घरी मुलगी तापाने फणफणलेली. सकाळी नाश्त्याआधीचे इन्शुलिन भरून मी एका आजींच्या खाटेपाशी गेले, दंड पुसला. आजी म्हणाल्या, “बाई, मला साखर नाही गं, माझा पाय मोडलाय.” साखरेच्या आजी शेजारच्या खाटेवर होत्या. दोघींचे आडनाव एकच. साखर नसलेल्या म्हाताऱ्या बाईला तेवढे इन्शुलिन गेले असते तर घाम, थरथर, बेशुद्धी, जीवही गेला असता. माझे डोळे उघडे होते, हात सवयीने चालत होते आणि मन घरी मुलीच्या उशाशी होते. त्या सकाळी सति आजींकडे होती, माझ्याकडे नव्हती.

तेव्हापासून सुई टोचण्याआधी नाव पेशंटच्याच तोंडून वदवून घ्यायचे, ही सवय मी सोडली नाही. पण एका सिस्टरवर चाळीस पेशंट टाकायचे आणि वर तिलाच सजग राहा म्हणून सांगायचे, हेही मला मान्य नाही. जागे राहायला माणसे पुरेशी लागतात. घरातल्या बाईचेही तेच. चार घरची धुणी-भांडी करून आलेल्या बाईला सतिचा उपदेश करण्याआधी तिच्या हातातले एखादे काम घ्या.

आता घरचे. बीपीची गोळी टीव्हीसमोर घेतली जाते आणि अर्ध्या तासाने प्रश्न पडतो, घेतली का? मग दुसरी घेतली जाते, आणि चक्कर येऊन पडणे होते. साखरेच्या गोळीत तर धोका जास्त. म्हणून गोळी हातात घ्या, नाव वाचा, गिळा आणि लगेच कॅलेंडरवर खूण करा. शंका आली तर पुन्हा घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

सतिपट्ठानात पहिली येते काया, नंतर वेदना, चित्त आणि धम्म. यातला वेदना शब्दही फसवा आहे. मराठीत वेदना म्हणजे दुखणे. पालीत सुखाची, दुःखाची आणि दोन्ही नसलेली अशा तिन्ही जाणिवा वेदनाच. दुखते तिकडे लक्ष आपोआप जाते, दुखत नाही तिकडे न्यावे लागते. साखरेच्या पेशंटचा पाय असाच असतो. तळव्याला जखम असते, पण बधिरपणामुळे कळत नाही आणि ती चिघळल्यावर दवाखाना गाठला जातो. रोज झोपण्याआधी तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. भेग, फोड, लाली, ओल काही आहे का? वाकता येत नसेल तर आरसा धरा, नाहीतर नातवाला पाहायला सांगा. दोन मिनिटांची ही कायानुपस्सना माझ्या दृष्टीने डोळे मिटून बसण्याइतकीच खरी.

डोळे मिटून बसण्याला माझा विरोध नाही. १९७९ पासून अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी ‘माइंडफुलनेस’ या नावाने हाच अभ्यास दवाखान्यात नेला आणि जुनाट दुखण्यांच्या पेशंटना शिकवला. पण वस्तीत एकदोन जणांनी ध्यान सुरू केले म्हणून मानसिक आजाराच्या गोळ्या बंद केल्या, ते मी पाहिले आहे. तसे करू नका. कानात आवाज येत असतील, मन फार खचले असेल, तर लांब शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांशी बोला. शांत बसल्यावर कोणाकोणाचा त्रास वाढतोही. जीव नकोसा होत असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे, तो दिवसरात्र लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. विहाराच्या फलकावर तो लिहून ठेवा.