जुन्या कॅसेट आणि संगणकाचे नवे पोर्ट

दोंडाईचा परिसरातील अनेक घरांत आजही जुन्या कॅसेट जपून ठेवलेल्या आहेत. कुठे जयंतीच्या रात्री गायिलेली भीमगीते, कुठे आजीने म्हटलेली अहिराणी गाणी. वामनदादा कर्डक 2004 साली गेले. त्या पिढीतील कित्येकांचा आवाज आता फितीतच उरला आहे, आणि फीत झिजते. ती संगणकावर उतरवून घेण्याचे काम आम्ही हाती घेतले. टेपरेकॉर्डर बाह्य साउंड कार्डाला आणि ते संगणकाच्या निळ्या यूएसबी पोर्टला जोडले. गाण्यात मध्येच तडतड, मध्येच शांतता! त्यातून जे शिकलो ते येथे मांडतो.

वेगवान पोर्टवर आवाज चांगलाच येणार, हा आमचा पहिला गैरसमज. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला सुमारे 1.4 मेगाबिट पुरतात. जुन्या यूएसबी 2.0 ची क्षमताच 480 मेगाबिट आहे. खरा प्रश्न वेळेवर पोहोचण्याचा असतो. फाइल पाठवताना हरवलेला तुकडा संगणक पुन्हा मागवतो. आवाजाचा हरवलेला तुकडा मात्र पुन्हा येत नाही. तेथे तडतड उमटते आणि ध्वनिमुद्रणात कायमची राहते.

म्हणून क्रमाने तपासावे. प्रथम केबल बदलावी. काही केबल केवळ चार्जिंगच्या असतात. मग पोर्ट बदलावा. काळा 2.0 पोर्ट असल्यास तो वापरावा, नसल्यास मध्ये 2.0 चा हब जोडावा. शेजारचा पेन ड्राइव्ह काढावा. विंडोजमधील यूएसबीची वीजबचत बंद करावी. अखंड घूं ऐकू येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावे. ड्रायव्हर नवा करावा. सी-प्रकारच्या पोर्टसाठी मिळणाऱ्या काही स्वस्त जोडण्यांत ध्वनीची चिप नसते. त्या बहुतेक संगणकांवर मुक्याच राहतात.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, अन्यथा दोष कशात होता हे कळत नाही. आम्ही केबल बदलली, फरक पडला नाही. काळ्या पोर्टला जोडताच तडतड थांबली.

माजी विद्यार्थी व पालकांना एकच विनंती. ही सारी परीक्षा बाजारातल्या साध्या कॅसेटवर करावी. आवाज स्वच्छ आल्याची खात्री झाल्यावरच आजीची कॅसेट लावावी. कारण ती आणखी किती वेळा वाजेल, हे कोणालाच सांगता येत नाही.