औषध म्हणावें कीं विष?

गेल्या पावसाळ्यांत आम्ही एका गांवीं कुटुंबाच्या भेटीस गेलों होतों. उन्हांतून चालून आल्यामुळें घसा कोरडा पडला होता. ओसरीच्या कोनाड्यांत सरबताची एक बाटली दिसली, म्हणून आम्हीं तिजकडे हात केला, तोंच घरधनीण ओरडली, "पाळकसाहेब, हात लावूं नका, तें औषध आहे!" शेजाऱ्यानें उरलेलें कीटकनाशक त्या बाटलींत ओतून दिलें होतें. पन्नाशीजवळ आलेल्या आम्हांस जें ओळखतां आलें नाहीं, तें अंगणांत खेळणाऱ्या तिच्या नातवास कसें ओळखतां आलें असतें?

आजारी मुलास चमच्यानें पाजतात तें औषध, आणि कपाशीवर मारतात तेंही औषध! एकाच शब्दानें आपण जीवन व मरण या दोहोंस हांक मारतों. म्हणून आजच्या पाठाचा पहिला नियम हा कीं, विषास विषच म्हणावें. आतां घरांतील अशा चार गोष्टींचा क्रमानें विचार करूं.

१. फवारणीचें विष. हें केवळ तोंडावाटेंच शरीरांत जातें असें नव्हे. तें कातडींतून व श्वासावाटेंही शिरतें. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करणारे वीसाहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले, आणि शेंकडों लोकांस रुग्णालयांत न्यावें लागलें. त्यांनीं विष प्यालें नव्हतें. डब्यावरील चौकोनाचा रंग पाहावा: तांबडा अत्यंत विषारी, त्याहून कमी पिवळा, मग निळा व शेवटीं हिरवा. परंतु हिरवा म्हणजे निर्धोक असें समजूं नये. विष मूळच्याच डब्यांत, कुलुपांत, निजण्याच्या व स्वयंपाकाच्या जागेपासून दूर ठेवावें. रिकाम्या डब्यांत पाणी किंवा धान्य कधींही भरूं नये. फवारणीचे कपडे निराळे धुवावे, व साबणानें स्नान केल्यावांचून लेंकरास उचलून घेऊं नये.

२. धान्यांतील गोळ्या. किडे लागूं नयेत म्हणून कित्येक जण कणगींत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. हवेंतील ओल लागतांच त्यांतून फॉस्फिन नांवाचा प्राणघातक वायु निघतो, आणि त्याच्या विषावर उतारा नाहीं. ज्या घरांत माणसें निजतात तेथें ह्या गोळ्या ठेवूंच नयेत. धान्य कडक उन्हांत वाळवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून, घट्ट झांकणाच्या कोठींत भरावें.

३. धूर. चुलीच्या धुरानें लहान मुलांस न्युमोनिया व स्त्रियांस फुप्फुसांचे जुनाट विकार जडतात. गॅस परवडत नसेल तर निदान धुराडें करावें, सरपण वाळलेलें वापरावें, आणि चूल पेटवण्यास प्लास्टिक घालण्याची चाल सोडून द्यावी. थंडींत कोळशाची शेगडी बंद खोलींत ठेवून निजणें तर अत्यंत घातक. तिच्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वासही नाहीं. तो रक्तांत प्राणवायूची जागा बळकावतो, आणि निजलेला मनुष्य जागा होत नाहीं.

४. संडास धुण्याचें आम्ल. हें आम्ल व ब्लीचिंग पावडर हीं दोन्ही एकत्र झालीं कीं क्लोरीन वायु उत्पन्न होतो, व त्यानें घसा आणि फुप्फुसें भाजून निघतात. अधिक स्वच्छतेच्या हौसेनें दोन्ही एकदम ओतूं नयेत.

इतकी काळजी घेऊनही अपघात झालाच तर काय करावें? अंगावर विष सांडलें असल्यास कपडे काढून अंग साबणानें व पुष्कळ पाण्यानें धुवावें. पोटांत गेलें असल्यास मिठाचें पाणी किंवा दूध पाजूं नये, बळेंच ओकारी काढूं नये. पुष्कळ घाम, लाळ, अंधुक दृष्टि, बारीक झालेल्या बाहुल्या, दम लागणें हीं कित्येक कीटकनाशकांच्या विषबाधेचीं लक्षणें होत. भगताकडे जाण्यांत वेळ दवडूं नये. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि विषाचा डबा डॉक्टरांस दाखविण्यासाठीं बरोबर न्यावा. डबा मूळचा असेल तरच त्याचा उपयोग. सरबताच्या बाटलीवरून डॉक्टरांस कांहीं कळत नाहीं.

उपदेशक बंधूंनीं ह्या आठवड्यांत प्रत्येक घरीं हे प्रश्न विचारावे: (१) घरांत कोणकोणतीं विषें आहेत व तीं कोठें आहेत? (२) त्यांपैकीं एखादें खाण्यापिण्याच्या भांड्यांत आहे काय? (३) लेंकराचा हात पोहोंचेल इतक्या उंचीवर कोणतें आहे? उत्तरें नुसतीं ऐकून परतूं नये. घरच्या माणसांबरोबर उठून कोनाडा पाहावा. ज्या घरीं आम्ही गेलों होतों तेथें ती बाटली त्याच सायंकाळीं कोनाड्यांतून निघाली. आजी आतां नातवास तें औषध आहे असें सांगत नाहीं. विष आहे, असें सांगते.