किनाऱ्यावरचा उजेड

कासवाची मादी वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. पिलांना वाट दाखवायला ती थांबत नाही. आपल्या कोकणात वेळास, आंजर्ले येथे येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांचेही असेच. एका घरट्यात सुमारे १०० अंडी असतात. पन्नासेक दिवसांनी पिले वर येतात, तीही बहुधा रात्री. मग समुद्र कोणीकडे हे त्यांना कळते कसे?

मागे माडांची, सुरूच्या बनाची काळी रेघ असते. पुढे उघड्या पाण्यावर आकाशाचा मंद उजेड असतो. काळोखाकडे पाठ करून पिलू उजेडाकडे धावते. लाखो वर्षे हा हिशेब बरोबर येत होता. किनाऱ्यालगत दिवे लागले की मात्र उजेड जमिनीकडेच जास्त दिसतो. पिले उलट दिशेने चालत राहतात, थकतात. मग कुत्री, कावळे किंवा सकाळचे ऊन त्यांना गाठते. अंडी घालायला आलेली मादीही कधी कधी दिवे पाहून तशीच परत फिरते.

पाण्यातही हेच. दिवसा खोल राहणारे बारीक जीव रात्री चरायला वर येतात, कारण काळोखात मासे त्यांना पाहू शकत नाहीत. उजेडाने हे संरक्षण जाते. उजेडाभोवती मासळी जमते, हे तर कोळ्याच्या पोरालाही ठाऊक आहे! याच जोरावर मोठ्या नौका एलईडी दिवे लावून मासे ओढू लागल्या आणि लहान होड्यांची जाळी रिकामी येऊ लागली, अशी ओरड झाली. केंद्र सरकारने २०१७ साली अशा मासेमारीवर बंदी घातली.

मग किनाऱ्यावर दिवेच नकोत काय? असे शहरातल्या माणसाने खुशाल म्हणावे. आमच्या वाडीत रात्री वाटेवरचे फुरसे दिसायला दिवा लागतोच. खरा प्रश्न दिव्याच्या रंगाचा आणि तोंडाचा आहे. पांढऱ्या एलईडीत निळा भाग पुष्कळ असतो. स्वच्छ पाण्यात निळा प्रकाश खोलवर जातो, तांबडा वरच्या थरातच विरतो. पिलेही तांबूस-पिवळ्या प्रकाशाकडे कमी ओढली जातात. म्हणून अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर अनेक ठिकाणी विणीच्या हंगामात दिव्यांसाठी नियम आहेत: दिवा बुटका, झाकण घातलेला, तांबूस-पिवळा, आणि वाळूवरून न दिसणारा. आपल्याकडे हा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि पिले पुढे मेपर्यंत निघत राहतात. तेवढे महिने समुद्राकडे तोंड असलेल्या दिव्यांना पत्र्याचे झाकण बसवणे कोणत्याही ग्रामपंचायतीला जड जाऊ नये. वाटेवर उजेड पडेल, वाळूवर पडणार नाही.